चीनचे अभ्यासक गोविंद पुरुषोत्तम देशपांडे

गोविंद पुरुषोत्तम देशपांडे हे नाव घेताच मराठी वाचकास ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ह्या नाटकाचे स्मरण होते. ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी अभ्यासाचे प्राध्यापक होते आणि चीनच्या परराष्ट्रधोरणावर त्यांनी ग्रंथलेखन केले, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा परिचयाच्या एका ओळीत आटोपली जाते. एकाच माणसाची अशी दोन दप्तरे करून ती वेगवेगळ्या फडताळांत ठेवणे सोयीचे असले, तरी त्यामुळे नाटककार देशपांडे अर्धेच हाती लागतात. चीनने त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा केला, तोच त्यांच्या रंगभूमीवरही वावरतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

देशपांडे ह्यांचा जन्म १९३८ चा. बालपण सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. ह्याच वर्षी जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ भारतातून पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे सर्वश्रुत आहे. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, ह्याचा मात्र आपणांस अनेकदा विसर पडतो. त्या पिढीच्या मनातील चीन हा समदुःखी शेजारी होता. १९५४ च्या पंचशील कराराने त्या भावनेस राजमान्यता दिली आणि १९६२ च्या युद्धाने ती उद्ध्वस्त केली. ज्या देशाविषयी आपण इतके बोलत होतो, त्याची भाषा आणि राजकारण जाणणारी माणसे आपल्याजवळ मोजकीच आहेत, हे त्या पराभवानंतर ध्यानी आले. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. सप्रू हाउसमध्ये १९५५ पासून चालणारी आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९७० मध्ये नेहरू विद्यापीठात विलीन झाली. युद्धाच्या छायेत उभ्या राहिलेल्या ह्या अभ्यासपरंपरेचे देशपांडे हे प्रतिनिधी होत. गिरी देशिंगकर, मनोरंजन मोहंती, मीरा सिन्हा भट्टाचार्य हे त्यांचे सहप्रवासी. चीनकडे केवळ शत्रू म्हणून पाहिले, तर शत्रूही नीट कळत नाही, एवढी जाण ह्या मंडळींस होती. ज्या काळी चीनविषयी सहानुभूतीने बोलणे संशयास्पद ठरत असे, त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

१९७१ मध्ये चीनच्या सांस्कृतिक क्रांतीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने प्रसिद्ध केले. हे भारतातून घडलेले दर्शन आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच नोंदविले आहे. वॉशिंग्टन किंवा मॉस्को येथून दिसणारा चीन आपण उसना का घ्यावा, हा त्यातील गर्भितार्थ.

त्यांचा परराष्ट्रधोरणावरील महत्त्वाचा ग्रंथ १९८६ चा. एच. के. गुप्ता ह्यांच्यासमवेत लिहिलेल्या ह्या ग्रंथाचा विषय आहे आफ्रिकेतील चिनी धोरण, आणि त्याच्या शीर्षकातच साम्राज्यशाहीविरोधी संयुक्त आघाडीची संकल्पना आहे. विषय वरकरणी दूरचा वाटेल. पण चीनच्या धोरणाची खरी परीक्षा आफ्रिकेतच झाली. संयुक्त आघाडी ही चिनी साम्यवाद्यांची घरातील जुनी युक्ती. १९३७ मध्ये जपानविरुद्ध त्यांनी आपल्या वैऱ्याशी, म्हणजे क्वोमिंतांगशी, हातमिळवणी केली होती. मुख्य शत्रू कोण हे ठरवावे आणि इतरांस तूर्त मित्र मानावे, असे तिचे सूत्र. हीच नीती पुढे परराष्ट्रव्यवहारात उतरली. चौ एन-लाय ह्यांनी १९६३-६४ च्या हिवाळ्यात दहा आफ्रिकी देशांचा दौरा केला. झांबियाचे तांबे गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून न जाता समुद्रास पोचावे म्हणून चीनने बिनव्याजी कर्ज देऊन टांझानिया-झांबिया रेल्वे बांधली. १,८६० किलोमीटरचा तो मार्ग, आणि बांधणारा देश स्वतः दरिद्री! ऑक्टोबर १९७१ मध्ये ७६ विरुद्ध ३५ मतांनी चीनला संयुक्त राष्ट्रसंघात स्थान मिळाले, तेव्हा आफ्रिकी मतांचा वाटा मोठा होता.

परंतु मुख्य शत्रू बदलला की मित्रही बदलतात. सोव्हिएत रशिया हाच मुख्य शत्रू असे एकदा ठरल्यावर अंगोलाच्या यादवीत रशियाच्या पाठिंब्याने लढणाऱ्या पक्षाच्या विरोधकांना चीनने साहाय्य दिले. आणि १९७५ मध्ये त्याच विरोधकांच्या पाठीशी अमेरिका व दक्षिण आफ्रिकेची वर्णद्वेषी राजवटही उभी असल्याचे जगाने पाहिले. क्रांती राज्य चालवू लागली म्हणजे ती क्रांती राहते की केवळ राज्य उरते? हा प्रश्न डाव्या विचारांच्या अभ्यासकास सुखाचा नव्हे, आणि देशपांडे तर उघडपणे मार्क्सवादी होते.

आता नाटकाकडे वळू. १९७४ मध्ये डॉ. श्रीराम लागू ह्यांनी रंगभूमीवर आणलेल्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त प्रा. श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी ह्यांची विद्यापीठाच्या समितीपुढे चौकशी चालते. सांस्कृतिक क्रांतीवरील पुस्तकानंतर अवघ्या तीन वर्षांनी ते यावे, हा निव्वळ योगायोग मानण्यास माझे मन तयार होत नाही. चीनमध्ये क्रांतीच्या नावाने तरुणांचे जमाव प्राध्यापकांस जाब विचारीत होते. येथे जाब विचारणारे विद्यापीठातील प्रतिष्ठित आहेत, जाब देणारा डावा आहे, आणि सारे काही सभ्य भाषेत, नियमांस धरून चालले आहे. परंतु विचार आणि सत्ता समोरासमोर बसल्यावर विचाराचे काय होते, हे दोन्हीकडे सारखेच पाहावयाचे आहे. पुढे त्यांना ‘चाणक्य विष्णुगुप्त’ लिहावेसे वाटले, तेही मला ह्याच कारणास्तव स्वाभाविक वाटते.

एक खंत नोंदविणे भाग आहे. चीनविषयीचे त्यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकास ह्यातील सल चटकन कळेल. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून येथे घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ही वाटणी कायम आहे. जगाचे ज्ञान दुसऱ्या भाषेतून घ्यावे आणि मराठी सणावारासाठी, कवितेसाठी राखून ठेवावी, ही सवय आपणांस लागली आहे. ती सीमेवरच्या आपल्यापुरती नाही; पुण्या-मुंबईचीही तीच अवस्था आहे.

देशपांड्यांना ही वाटणी मान्य नव्हती, हे त्यांच्या मराठी निबंधांवरून दिसते. ‘रहिमतपूरकरांची निबंधमाला’ हे नाव विष्णुशास्त्री चिपळूणकरांची आठवण देते. त्या नावात थट्टा आहे तसा हक्कही आहे: निबंध हा मराठीत विचार करण्याचा राजमार्ग, आणि रहिमतपूरच्या माणसाचाही त्यावर अधिकार. फुले, विनोबा व सावरकर ह्यांच्या विचारविश्वावर २००९ मध्ये त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले; म्हणजे मराठीतील विचार त्यांनी बाहेर नेला. बाहेरचा चीन मराठीत आणण्याचे काम मात्र बव्हंशी राहून गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले.

आफ्रिकेवरील त्या ग्रंथाचे साक्षेपी मराठी भाषांतर अकादमीने हाती घेण्याजोगे आहे. शीर्षकात ‘संयुक्त आघाडी’ म्हणावे की ‘संयुक्त मोर्चा’, येथूनच वादास आरंभ होईल.