ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल

९ मिमी. पॅराबेलम काडतूस वापरणारे, तेरा गोळ्यांच्या मॅगझीनचे बेल्जियन अर्धस्वयंचलित पिस्तूल. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला, की एकच गोळी सुटते. रिकामे काडतूस बाहेर फेकणे, घोडा मागे ओढणे व पुढील काडतूस नळीत भरणे या क्रिया प्रत्याघाताच्या जोरावर आपोआप घडतात. अधिक क्षमतेच्या सैनिकी पिस्तुलांच्या परंपरेचा आरंभ या पिस्तुलापासून मानला जातो आणि संग्राहकांतही त्यास मानाचे स्थान आहे. पिस्तुलास अमेरिकन संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याचे नाव असले, तरी त्याचे पूर्ण झालेले रूप व विशेषतः मॅगझीन यांचे श्रेय द्यदॉने सेव्ह (१८८८–१९७०) या बेल्जियन अभिकल्पकाकडे जाते.

पूर्वपीठिका : गेओर्ग लूगर या जर्मन अभिकल्पकाने ९ मिमी. पॅराबेलम काडतूस विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केले. त्याच्या पिस्तुलाच्या मुठीत आठ काडतुसे एकावर एक, एकाच रांगेत बसत. अमेरिकन सैन्याच्या १९११ च्या कोल्ट पिस्तुलात ११·४ मिमी. व्यासाची सातच काडतुसे मावत. रांगेतील काडतुसे वाढवली, की मूठ लांबते. दोन रांगा केल्या, की ती जाड होते व हाताच्या पकडीत येत नाही, अशी ही अडचण होती. काडतुसे एकाआड एक डावी-उजवीकडे रचून जागा वाचविण्याची युक्ती मात्र अज्ञात नव्हती. मौझर सी ९६ या पिस्तुलात तशी दहा काडतुसे असत. पण ती चापाच्या पुढे, स्वतंत्र पेटीत. अमेरिकेतील सॅव्हेज पिस्तुलात (१९०७) ती मुठीत बसविण्यात आली, परंतु तेथील काडतूस ७·६५ मिमी.चे व कमी शक्तीचे होते. पूर्ण शक्तीच्या सैनिकी काडतुसांसाठी हीच रचना मुठीत साधणे हे काम शिल्लक राहिले होते.

अभिकल्प : पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याने किमान दहा गोळ्यांच्या, नव्या सैनिकी पिस्तुलाची मागणी पुढे ठेवली. लीएजजवळील एर्स्ताल येथील फाब्रीक नासिओनाल (एफ्एन्) या कारखान्याने हे काम ब्राउनिंगकडे सोपविले. मोठे मॅगझीन सेव्हने तयार केले आणि ते डोळ्यांसमोर ठेवून ब्राउनिंगने पिस्तुलाचे नमुने बनविले. १९११ च्या पिस्तुलाची एकस्वे त्याने पूर्वीच कोल्ट कंपनीस दिलेली असल्याने स्वतःच्याच जुन्या युक्त्या त्यास टाळाव्या लागल्या. त्याने जून १९२३ मध्ये अमेरिकेत एकस्वासाठी अर्ज केला. तो मंजूर झाला फेब्रुवारी १९२७ मध्ये. तत्पूर्वी, नोव्हेंबर १९२६ मध्ये, लीएज येथे ब्राउनिंगचे निधन झाले होते.

पुढील काम सेव्हने केले. कोल्टच्या एकस्वांची मुदत १९२८ मध्ये संपल्यावर १९११ च्या पिस्तुलातील उपयुक्त अंगे त्याने नव्या रचनेत घेतली, मूठ आटोपशीर केली आणि मॅगझीनची क्षमता तेरा ठरविली. गोळी सुटताना नळी व तिच्यावरील सरकता भाग (स्लाइड) एकमेकांत अडकून थोडे मागे जातात; नंतर नळीखालील खाचेमुळे तिचे मागील टोक खाली झुकते व दोन्ही सुटे होतात. १९११ च्या पिस्तुलातील हलत्या कडीपेक्षा ही योजना साधी ठरली आणि पुढील अनेक पिस्तुलांत तीच स्वीकारली गेली. पिस्तुलाची लांबी सु. २० सेंमी., नळी सु. ११८ मिमी. व रिकामे वजन सु. ९०० ग्रॅ. आहे. बेल्जियमने १९३५ मध्ये ते ‘ग्रांद प्विसान्स’ (मोठी शक्ती) या नावाने स्वीकारले. ज्या फ्रान्सच्या मागणीतून ते जन्मले, त्या देशाने मात्र ७·६५ मिमी.चे, आठ गोळ्यांचे वेगळे पिस्तूल पसंत केले.

युद्धकाल व प्रसार : मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर एर्स्तालचा कारखाना जर्मन सैन्यासाठी राबविण्यात आला. तेथे तीन लाखांहून अधिक पिस्तुले ‘६४० (बी)’ या नावाने तयार झाली. सेव्ह इंग्लंडला निसटला होता. कॅनडात टोराँटो येथील जॉन इंग्लिस कंपनीने १९४४ पासून सु. दीड लाख पिस्तुले बनविली. त्यांतील बराच भाग चीनच्या राष्ट्रवादी शासनासाठी होता. अशा रीतीने एकच शस्त्र युद्धातील दोन्ही पक्षांच्या हाती होते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिना व ब्रिटन यांच्या सैन्यांबाबत हेच पुन्हा घडले. ब्रिटिश सैन्याने १९५४ मध्ये स्वीकारलेले हे पिस्तूल २०१३ पासून ग्लॉक १७ ला जागा देत निवृत्त झाले. पन्नासांहून अधिक देशांच्या सैन्यांनी ते वापरले.

भारतात प. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात इंग्लिस नमुन्यावरून ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी. १ ए’ तयार करण्यात आले. त्याच कारखान्यातील १ए१ ही स्वयंभरण रायफल सेव्हच्या एफ्एएल् रायफलीवर आधारलेली होती. म्हणजे भारतीय जवानाच्या हातातील पिस्तूल व रायफल या दोहोंमागे, त्याच्या कानी क्वचितच पडलेल्या, एकाच अभिकल्पकाची बुद्धी होती.

उत्तराधिकारी : तेरा गोळ्यांच्या पिस्तुलाचा कित्ता इतरांनी गिरविण्यास जवळजवळ पस्तीस वर्षे गेली. स्मिथ अँड वेसन ५९ (१९७१), चेकोस्लोव्हाकियातील सीझेड ७५ व इटलीतील बेरेटा ९२ ही पिस्तुले १९७० नंतरची. बेरेटा अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये स्वीकारले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलेल्या, प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या ग्लॉक १७ मध्ये सतरा गोळ्या मावतात. या स्पर्धेत जुने पिस्तूल महाग व जड ठरले. त्याचे मूळ उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबले. २०२२ मध्ये एफ्एन्ने त्याच नावाचे, पण अंतर्रचना बदललेले सतरा गोळ्यांचे पिस्तूल बाजारात आणले.

संग्रह व कायदा : संग्राहकाच्या दृष्टीने या पिस्तुलावरील खुणा हाच त्याचा इतिहास होय. युद्धपूर्व नमुन्यांची नितळ झळाळी, व्याप्तिकाळातील जर्मन तपासणीचे शिक्के व उत्तरोत्तर ओबडधोबड होत गेलेले पृष्ठभाग, चिनी मागणीच्या पिस्तुलांवरील चिनी अक्षरे, दस्ता जोडण्याची खाच व ५०० मी.पर्यंत आखलेला नेमदर्शक यांवरून प्रत्येक पिस्तुलाचा प्रवास ओळखता येतो. दस्ता जोडूनही ५०० मी. अंतर या काडतुसाच्या आवाक्याबाहेरचेच होते. ही आखणी जुन्या सैनिकी समजुतींची साक्ष होय.

ज्या क्षमतेमुळे हे शस्त्र नावाजले, तीच पुढे वादाचा विषय झाली. अमेरिकेत १९९४ च्या संघीय कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझीनच्या नागरी विक्रीस बंदी घातली. ती २००४ मध्ये संपली. काही राज्यांनी मात्र तशी बंधने स्वतंत्रपणे घातली आहेत. भारतात ९ मिमी. पॅराबेलम पिस्तुले सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. सैनिकास संकटात काही क्षण अधिक मिळावेत म्हणून वाढविलेली गोळ्यांची संख्या नागरी जीवनात किती धोक्याची ठरते, हा प्रश्न या पिस्तुलाच्या निर्मात्यांसमोर नव्हता; त्यांच्या वारशाबरोबर तो पुढील पिढ्यांकडे आला.