भिंतीवरच्या तारखा

आमच्या जुन्या घराच्या कुडावर, दाराच्या डाव्या हाताला, माझ्याच अक्षरातल्या तारखा होत्या. शेजारी लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक आणि त्याला लागून गेरूने लिहिलेल्या ह्या तारखा. पाहुणे विचारायचे, हे काय लिहिलंय? आई सांगायची, "पोराची नोकरी हाय ती."

नोकरी खरोखरच ती होती. १९८६ साली मी तलासरी तालुक्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं. उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, "ताप कुणाला हाय काय? पंधरा दिवसांत कुणाला आलावता काय?" हो म्हणाले की बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवर तारीख टाकायची. साहेब तपासणीला आले की आमचं रजिस्टर नंतर बघायचे, आधी भिंत बघायचे. काचपट्टीत जंतू निघाला तर पुन्हा त्या घरी जाऊन पाच दिवस प्रायमाक्वीन. चौतीस वर्षं मी हे केलं. सूत्रकार, करजगाव, उपलाट, पुढे डहाणूच्या बाजूला सायवन, गंजाड. किती उंबरे झिजवले त्याचा हिशेब नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की ज्या तापाच्या मागे माझी उमर गेली तो ताप आता आमच्या पाड्यांवर फार उरला नाही. माणसं जगली, म्हातारी झाली. आणि म्हातारपणाबरोबर जे आलं त्यासाठी माझ्या पिशवीत काहीच नव्हतं.

म्हातारं होणं ही आमच्याकडे नवी गोष्ट आहे, हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. माझे आजोबा सावकाराचे लग्नगडी होते. लग्नाला कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायकोनं सावकाराच्या वाडीत राबायचं. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी ती उभी केली होती. त्या काळी झरी उंबरगाव तालुक्यात होतं. माझी आई तिथे तिच्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. तिला आठवायचा तो फक्त लाल बावटा आणि पायाला लागलेली तापलेली धूळ. त्याच साली ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. गोदावरीबाईंनी ह्या सगळ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. वेठ गेली, लग्नगडीपणा गेला. पण त्या वेळच्या माणसांना पावसाळ्यानंतरचा थंडीताप होताच. भगताकडे जायचं, तो तांदळाचे दाणे टाकून बघायचा, कोंबडं मागायचा. माणूस वाचला तर भगताचं नाव, गेला तर नशीब.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. खेड्यातल्या माणसाला घराजवळ औषधोपचार मिळावा आणि रोग होण्याआधीच तो अडवावा, अशी त्यातली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना. १९५२ पासून देशात तशी केंद्रं उघडायला लागली. १९५३ ला हिवतापाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचं निर्मूलनाच्या कार्यक्रमात रूपांतर झालं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा सरकारी अंदाज आहे. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या घरात आला. सगळे गाफील राहिले आणि १९७६ ला पुन्हा ६४ लाखांवर गेला. मग १९७७ पासून कामाची पद्धत बदलली, आणि त्याच पद्धतीतला मी एक शिपाई. साधा धडा होता. रोग गेला असं वाटलं तरी उंबऱ्यावर जाणं थांबवायचं नाही.

आमच्या लोकांचं वय लिहिणं हा एक वेगळाच खेळ. रजिस्टरमध्ये रकाना असायचा, वय. म्हातारीला विचारलं की म्हणायची, "लिही तुला वाटंल तो." मग मी उलटं विचारायचो. झरीची सभा झाली तेव्हा तू चालत होतीस की कडेवर होतीस? उंबरगाव गुजरातेत गेलं तेव्हा तुझं लग्न झालं होतं काय? १९६० ला राज्यं वेगळी झाली, उंबरगाव तिकडे गेलं आणि तलासरी इकडे राहिली, ते सगळ्यांना आठवतं, कारण अर्धे सोयरे पलीकडे गेले. अशा खुणांवरून मी वयं लावली. माझं स्वतःचं मास्तरांनी लावलं, १ जून १९६२. आमच्या वर्गातले सगळेच १ जूनला जन्मलेले.

असं वय लावता लावता माझ्या ध्यानात आलं नाही की रजिस्टरमध्ये साठीच्या पुढची माणसं वाढत चालली आहेत. मी त्यांना तापच विचारत राहिलो.

१९९९ च्या पावसाळ्यात आई आवणीला गेली होती. दुपारी बांधावर बसली ती उठलीच नाही. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. पाड्यावर सगळे म्हणाले, वारं गेलं. झोळी करून रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीपने दवाखान्यात. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, पारा वर चढवला, खाली सोडला, आणि मला विचारलं, "हिचा बीपी याआधी कधी बघितला होता?"

मी आरोग्य खात्याचा माणूस. मी म्हणालो, नाही.

खरं सांगायचं तर बीपीचं यंत्र आमच्या घरी दर महिन्याला येत होतं. नर्सताई पाड्यावर आल्या की आमच्याच ओटीवर बसायच्या, गरोदर बायांना तपासायच्या. आई त्यांना कोरा चहा करून द्यायची. तो पट्टा आईच्या हातापासून दोन हातांवर असायचा. तो तिच्या दंडाला बांधावा असं ना नर्सताईंना सुचलं, ना मला. तशी रीतच नव्हती. यंत्र गरोदर बाईचं, सुई तापवाल्याची. म्हातारीला ताप नाही, ती गरोदर नाही, मग तिला काय बघायचं?

आई दोन वर्षं खाटेवर होती. मी तिला उचलायचो तेव्हा ती म्हणायची, "मना काय नाय झाला. उगाच तू रजा घेतास." २००१ ला ती गेली.

पुढे मला हळूहळू कळलं की ताप आणि बीपी ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं आहेत. ताप बोंबलत येतो. अंग कापतं, दात वाजतात, घरचे घाबरतात, गोळी मागतात. बीपी गप्प असतो. माणूस लाकडं फोडतो, नाचतो, तारप्यामागे रात्र काढतो, आणि आत रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं जोर पडत असतो. एक दिवस मेंदूतली वाहिनी फुटते किंवा बंद होते. दुसरा फरक त्याहून मोठा. तापाची गोळी संपते, बीपीची संपत नाही. आमच्या लोकांना गोळी कशी घ्यायची हे आम्हीच शिकवलं होतं, बरं वाटेपर्यंत. आता ज्याला बरंच वाटतंय त्याला रोज गोळी खा म्हणून सांगायचं कसं?

२०१० साली मधुमेह, कर्करोग, हृदयरोग आणि पक्षाघातासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे हेलपाटे थांबले. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं व्हायला लागली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईंनी भरायचा: तंबाखू खाता काय, दारू पिता काय, कंबर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे काय. मग पट्टा बांधायचा, बोटातलं रक्त बघायचं. १४० वर ९० च्या पुढे पुन्हा पुन्हा आकडा आला की डॉक्टरकडे. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात होतो. पहिल्याच शिबिरात माझ्या काकीला शुगर निघाली. ती हसायलाच लागली. "शेठची बिमारी मना कशी लागंल? मी कदी पोटभर खाल्ला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे शुगर म्हणजे वाडीवाल्याचा, पोट सुटलेल्या माणसाचा रोग. पण काकीसारख्या काटकुळ्या माणसांतही ती निघते. खाणं बदललं हेही आहेच. तिच्या लहानपणी नागलीची भाकर, वरई, पावसाच्या तोंडावर शेवळं, वर्षभर चालून चालून मोडलेलं अंग. आता रेशनचा तांदूळ दोन वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा कोरा चहा, नातवाच्या हातातलं पाकीट. बीपीवाल्याला मीठ कमी कर म्हणावं तर कालवण म्हणजे डहाणूच्या बाजारातलं सुकं बोंबील नाहीतर सुकट, आणि त्यातच मीठ. ते बंद कर म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी दारात उभं करणार नाही. मी एवढंच सांगायला लागलो, सुकं आधी दोनदा पाण्यात धुऊन घे, वरून मीठ टाकू नको. तेवढं ऐकतात.

काकीच्या पायात काटा मोडला आणि तिला कळलंच नाही. शुगरने पायाची जाणीव जाते ना. नातीने तळपायाला पू बघितला म्हणून बोट वाचलं. तेव्हापासून नेम केलाय, रात्री जेवल्यावर नातीने टॉर्च घेऊन आजीचे दोन्ही तळपाय बघायचे. चपलाही घेतल्या. काकी त्या हातात घेऊन शेतावर जाते आणि मी दिसलो की घालते.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूला तर दिवसातून कितीदा. त्या थंडीत लोक तंबूत, झाडाखाली झोपले. काकीच्या गोळ्या घरात फळीवर आणि काकी बाहेर मांडवात. पंधरा दिवस तिने गोळी घेतली नाही, आत जायच्या भीतीने. विचारलं तर म्हणाली, "घर पडला तर गोळीचा काय उपेग?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कनवटीला बांधल्या.

पण खरी अडचण माझ्या चुलतभावाची, काकीच्या मुलाची. नारळी पौर्णिमेनंतर तो खलाशी म्हणून गुजरातेत जातो, वेरावळला नाहीतर ओख्याला, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत. आमच्या दोन्ही तालुक्यांतली किती पोरं आणि बाप्ये असे जातात. काही दिवाळीनंतर वीटभट्टीवर. त्याला बीपी निघाला, गोळी सुरू झाली. गोळ्या महिन्याच्या मिळाल्या आणि होडीवर तो निघाला आठ महिन्यांसाठी. पहिल्या वर्षी महिन्याने गोळी बंद. परत आला तेव्हा आकडा १९० वर ११०. बघितल्यावर मला आईच दिसली, बांधावर बसलेली.

तेव्हा मी निवृत्त झालो होतो, ३१ मे २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, हार ना नारळ. पण उंबऱ्यावर जायची सवय जात नाही. केंद्रावर गेलो. औषध देणारे म्हणाले, एका महिन्याच्या वर देता येत नाही, पेशंटला घेऊन या. म्हटलं, पेशंट समुद्रात आहे तेव्हा कसा आणू? दोन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला नवीन डॉक्टर होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि निघायच्या आधी तीन महिन्यांच्या लिहून दिल्या. बाकीच्यासाठी मी त्याला एक कार्ड करून दिलं. एका बाजूला गोळीचं नाव मराठीत, दुसऱ्या बाजूला गुजरातीत. आम्ही सीमेवरचे, दोन्ही लिप्या येतात. कार्ड आधारकार्डाच्या पाकिटात ठेवलंय. होडी धक्क्याला लागली की कुठल्याही मेडिकलमध्ये दाखवायचं. गोळी स्वस्त आहे, एका दिवसाच्या पावाच्या किमतीत आठवड्याची येते. गेल्या खेपेला तो परत आला तेव्हा १४४ वर ९२. अजून खाली यायला पाहिजे, पण ११० नाही.

माझी आई ज्या ओटीवर बसायची तिथे आता पक्कं घर आहे. कूड गेला, चौक गेला, तारखाही गेल्या. पण काकीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला, मी खडूने पुन्हा लिहायला लागलो आहे. आशाताई येऊन आकडा घेऊन गेल्या की तो आकडा, आणि गोळ्या कधी संपणार ती तारीख. काकीला वाचता येत नाही. पण तारीख जवळ आली की नात ओरडते, आजी, आठ दिवस राहिले. मग काकी स्वतः काठी घेऊन उपकेंद्रावर जाते.

परवा मला वाटेत भेटली. चपला पायात होत्या. लांबूनच म्हणाली, "अरे पोरा, तुझा आकडा कोण लिवतं?"

मी साठी ओलांडलेली आहे. घरी आलो, आमच्या भिंतीवर पहिल्यांदा माझा आकडा लिहिला. १५२ वर ९४. खाली तारीख टाकली.