अपस्मार, औषध आणि मन



मेरठचे शिपाई ज्या दिवशीं दिल्लींत शिरले त्याच दिवशीं, म्हणजे ११ मे १८५७ रोजीं, लंडनच्या एका वैद्यकसभेंत अपस्मारावर चर्चा चालली होती. राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतिवैद्य सर चार्लस् लोकॉक यांनीं तेथें सांगितलें कीं, पोटॅशियम ब्रोमाइड नांवाच्या क्षारानें आपल्या कांही स्त्री-रुग्णांचे झटके थांबले. कामवासना शमते म्हणून झटके थांबतात, ही त्यांची उपपत्ति चुकीची होती. औषध मात्र खरें निघालें. नाकाशीं कांदा किंवा जोडा धरण्यापेक्षां तें कितीतरी बरें!

परंतु ब्रोमाइड शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें. निम्मा अंश जाण्यास सुमारें १२ दिवस लागतात. रोजची मात्रा कालच्या मात्रेवर सांचत जाते. प्रथम तोंडावर पुरळ येई, पाय अडखळत. मागून स्मृति पुसट होई, स्वभाव चिडखोर बने, भास होत. याचें नांव ब्रोमिझम्. हा बदल औषधाचा कीं रोगाचा, हें ओळखणें कठीण. ‘अपस्मारी माणूस स्वभावतःच मंद व तापट’ हा समज जो रूढ झाला, त्याचा कांही भाग तरी बाटलींतूनच आला असला पाहिजे, असें मला वाटतें. इंग्रज कादंबरीकार ईव्हेलिन वॉ यांस अपस्मार नव्हता. ते निद्रानाशावर ब्रोमाइड व क्लोरल घेत. १९५४ सालीं सिलोनच्या जलप्रवासांत त्यांस अदृश्य माणसांचे आवाज ऐकूं येऊं लागले. औषध बंद झाल्यावर ते आवाजही बंद झाले.

१९१२ सालीं जर्मनींत आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं फिनोबार्बिटल पुढें आणलें. तें झोपेचें औषध. तरी त्यानें कित्येक मुलें सुस्त होण्याऐवजीं अनावर होतात, आणि मोठ्यांस खिन्नता येते. १९३८ सालीं अमेरिकेंत मेरिट व पटनम यांनीं गुंगी न आणणारें फेनिटॉइन दिलें.

खरें कोडें १९५३ सालीं हाइन्रिख लान्डोल्ट यांनीं मांडलें. कांही रुग्णांचे झटके थांबत, मेंदूचा विद्युत्-आलेख निर्दोष होई, आणि नेमक्या त्याच वेळीं रुग्ण भ्रमिष्ट होई. झटके परतले कीं मन ताळ्यावर येई! असे रुग्ण थोडे. पण ‘झटका नाहीं म्हणजे सर्व ठीक’ हें गणित त्यांनीं मोडलें.

२००८ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें ११ औषधांच्या १९९ चांचण्या तपासल्या. आत्महत्येचे विचार वा तशी कृति औषध घेणाऱ्यांत शेंकडा ०.४३, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ०.२२ आढळली. आज बहुप्रचलित असलेल्या लेव्हेटिरासिटॅमनें कित्येकांस अकारण संताप येतो. घरचे म्हणतात, “हल्लीं हा असाच झाला आहे,” आणि डॉक्टरांस झटक्यांची संख्या तेवढी सांगतात. दुसरीकडे, घाबरून गोळी एकाएकीं बंद केली तर झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेततें. म्हणून डॉक्टर कित्येक आठवडे एक औषध पायरीपायरीनें उतरवितात व त्याच वेळीं दुसरें चढवितात.