मालिका लिहिणाऱ्याला किती मिळतात? कागद काय सांगतात

अक्कलकुवा तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईची मजुरी किती, हे सांगायला कुणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. २०२४-२५ साली महाराष्ट्रासाठी हा दर दिवसाला २९७ रुपये होता आणि तो केंद्राच्या राजपत्रात छापला गेला होता. हजेरीपटावर तिचे नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, भरलेले दिवस, निघालेली रक्कम असे सगळे असते. पंधरा दिवसांत पैसे जमा झाले नाहीत, तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई देय होते. ती हातात पडते की नाही हा वेगळा आणि कटू विषय आहे. पण भांडायला कागद आहे.

संध्याकाळी त्याच तालुक्यातल्या घरांत लागणारी मालिका ज्याने लिहिली, त्याला एका भागाचे किती मिळतात? असा दर कुठल्याही राजपत्रात नाही. अमक्या लेखकाला अमुक हजार, तमक्याला लाख, असे आकडे अधूनमधून छापून येतात. त्यांच्यामागे करार वा पावती दाखवलेली नसते, म्हणून ते मी इथे बाजूला ठेवले आहेत. उरतात ते कायद्याचे आणि करखात्याचे कागद. त्यांत रक्कम सापडत नाही, मात्र ती कशी ठरते आणि कुठे अडते, हे चांगले कळते.

पहिला कागद १२ जानेवारी १९७७ चा. त्या दिवशीच्या अधिसूचनेने आयकर खात्याने चित्रपट कलावंतांना हिशेबाच्या वह्या ठेवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिकांत घेतले. ‘चित्रपट कलावंत’ म्हणजे कोण, याच्या यादीत नट, दिग्दर्शक आणि गायक यांच्याबरोबर कथालेखक, पटकथालेखक आणि संवादलेखक अशी तीन वेगळी नावे आहेत. आजही मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशा तीन ओळी येतात आणि काम भागागणिक वाटून दिले जाते. एका भागासाठी ठरलेली रक्कम म्हणूनच बहुधा एका माणसाची नसते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ मार्च १९७७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने १९६९ मध्ये चित्रपटांतल्या गीत-संगीताच्या वापराचे दर जाहीर केले होते आणि चित्रपटगृहवाल्यांनी त्यांना हरकत घेतली होती. न्यायालयाने सांगितले, की निर्मात्याने मोबदला देऊन काम करवून घेतले आणि उलट करार नसेल, तर त्या कामाचा पहिला मालक निर्माता. वाद गीतकार-संगीतकारांचा होता, पण तर्क लेखकालाही लागू पडत होता. करखात्याच्या लेखी स्वतंत्र व्यावसायिक असलेला माणूस एकदा पैसे घेतले की स्वतःच्या लिखाणाला परका! पुढची पस्तीस वर्षे लेखनाचे करार या निकालाच्या सावलीत झाले. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली, तेव्हा देशातल्या दीर्घ मालिकांच्या लेखनाचा पायाच या व्यवस्थेवर घातला गेला.

मग स्वामित्व कायद्यात दुरुस्ती करणारा २०१२ चा २७ क्रमांकाचा कायदा. राज्यसभेने १७ मे रोजी, लोकसभेने २२ मे रोजी मंजूर केलेला आणि २१ जूनपासून अमलात आलेला. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा कागद हाच. चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता इतर कोणत्याही मार्गाने कृतीचा वापर झाला, तर त्याच्या स्वामित्वधनात लेखकाचा निम्मा वाटा. आणि हा हक्क लेखकाने लिहून दिला तरी जात नाही. मालिका तर चित्रपटगृहात लागतच नाही. म्हणजे शब्दशः वाचले, तर ही तरतूद मालिकेच्या लेखकाला सर्वांत जास्त लागू आहे.

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. त्यांतले बहुतेक भाग २१ जून २०१२ च्या आधीचे आहेत. एकाच मालिकेचे भाग या कायद्याच्या दोन बाजूंना पडतात; पुनःप्रक्षेपणाचे पैसे मागायचे, तर आधी त्या भागाच्या कराराची तारीख पाहावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांनी जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा हा प्रश्न अगदी समोर उभा होता. शीर्षकगीत लिहिणाऱ्याला निदान २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी मिळालेल्या त्याच परफॉर्मिंग राइट सोसायटीचा दरवाजा आहे. बाकीचा अर्धा तास ज्याने लिहिला, त्याची वसुली इतकी सोपी नाही.

त्याच टाळेबंदीनंतर आणखी एक प्रथा चव्हाट्यावर आली, ती काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची. जून २०२० मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू करताना कलावंतांच्या संघटनेने ती मुदत कमी करण्याचा आग्रह धरला. उशीर झाला तर रोजची टक्केवारी देणारे रोजगार हमीसारखे कलम इथे कायद्यात नाही.

अमेरिकेत लेखकांची संघटना आपल्या करारातले किमान दर छापून कुणालाही वाचायला देते. हे दर आणि पुनःप्रक्षेपणाचा मोबदला यांसाठी ती २००७-०८ मध्ये १०० दिवस आणि २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होती. मुंबईतल्या निर्मात्यांना आणि वाहिन्यांना असा किमान दर मान्य करून छापणे अवघड का जावे, हे मला कळत नाही.

रक्कम नोंदवलेला कागद आता मात्र तयार होतो. आयकर कायद्याचे कलम २८५ब चित्रपट निर्मात्याला पन्नास हजारांवरचे प्रत्येक मानधन नावानिशी कळवायला सांगत होते. २०२२ च्या वित्त कायद्याने त्यात दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम करणाऱ्यांनाही आणले. त्या विवरणात भरलेली नावे आणि आकडे करखात्यापाशी असतात, लोकांसाठी खुले नसतात. लेखकाच्या हाती राहतो तो करार आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र. कराराला स्वामित्व कायद्याचे कलम १९ लागू आहे: मोबदल्याची रक्कम त्यात लिहिलेली हवी, आणि मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते.