सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

ऊन म्हणजे काय, हे नागपूरकराला शिकवावे लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकला की आमचा महाल दुपारी दारे लावून बसतो. जागी असतात ती गच्चीवरची वाळवणे. कुरडया, सांडगे, पापड! सौरशक्तीचा इतका जुना आणि इतका चविष्ट उपयोग दुसरा नसेल. तथापि या उन्हाला सरकारदरबारी मान मिळायला फार वर्षे लागली. त्या मानाचीच ही लहानशी कहाणी.

तिचा आरंभ न्यायालयातल्या एका माणसापासून करावा लागतो. मुंबईच्या उच्च न्यायालयातील उपनिबंधक विल्यम ॲडम्स यांनी आरसे जोडून सूर्याची चूल केली. ऐन जानेवारीत सात शिपायांचे जेवण तिच्यावर दोन तासांत शिजले. उष्ण देशांनी जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे सांगणारा ग्रंथही त्यांनी १८७८ साली प्रसिद्ध केला. पण राज्य कोळशाचे होते. साहेबाची चूल विस्मरणात गेली.

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्गोल आरशाची सूर्यचूल तयार केली. ती बाजारातही आली. परंतु तिच्यापाशी उन्हात उभे राहून आरसा सूर्याकडे वळवीत राहावे लागे. सुगरणींनी तिला दुरूनच नमस्कार केला.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सरकारची दृष्टी सूर्याकडे वळली. १९८१ साली केंद्राने पर्यायी ऊर्जेसाठी आयोग नेमला. १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, १९९२ मध्ये मंत्रालय. महाराष्ट्रात १९८५ साली 'महाऊर्जा' स्थापन झाली. त्याच सुमारास सरकारी सवलतीतली सूर्यचूल आमच्या बिऱ्हाडी आली. एक पेटी, झाकणाला आरसा, आत काळे रंगवलेले चार डबे.

आईला तिचे भारी कौतुक. तीन तासांत तुरीची डाळ लोण्यासारखी मऊ होई. पण वडील साडेनऊला जेवून कचेरीला निघत, आणि सूर्यनारायण काही त्याआधी स्वयंपाकाला लागत नसत! दुसरी अडचण याहून मोठी होती. आम्ही वाड्यातले भाडेकरू, गच्ची मालकांची. एके दिवशी त्यांचा निरोप आला, "गच्ची आमच्या वाळवणांसाठी आहे." आई काही बोलली नाही. तिने पेटी खाली आणली, पदराने पुसली. पुढे कित्येक वर्षे तीत माझी शाळेची पुस्तके राहिली.

वेळेचे कोडे पुढे सुटले. दिवसा छपरावर तयार झालेली जास्तीची वीज कंपनीच्या तारांत सोडायची आणि रात्री हिशेबात परत घ्यायची; शेजारणीशी वाटीभर साखरेची देवघेव असते ना, तशीच! या देवघेवीचे नियम महाराष्ट्रात २०१५ साली झाले. २०१०च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१५ साली ते १,००,००० वर नेण्यात आले. २०२४च्या सूर्यघर योजनेने तर एक कोटी घरांचा संकल्प सोडला. तीन किलोवॅटच्या संचाला तीत ७८,००० रुपये अनुदान मिळते.

गच्चीचे कोडे मात्र उरलेच. सूर्यघर योजनेची अट अशी, की घर स्वतःचे असावे आणि त्याला योग्य छप्पर असावे. अट गैर नाही. परक्याच्या छपरावर सरकारने तरी पैसे कसे खर्चावेत? पण कोराडी-खापरखेड्याचा कोळशाचा धूर भाडेकरू आणि मालक असा भेद करीत नाही. उन्हाचे झळे दोघांना सारखेच. उन्हाचा लाभ तेवढा एकाच्या वाट्याला.

आज माझ्या घरावर गच्ची आहे, गच्चीवर सौरपट्ट्या आहेत. खालच्या मजल्यावर एक भाडेकरू कुटुंब राहते. यंदा वसुबारसेच्या दिवशी आईची ती पेटी साफसूफ करून मी वर ठेवली आणि गच्चीची एक किल्ली खालच्या वहिनींच्या हाती दिली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, वाळवणे घातली तर चालतील ना?"

वाचकहो, एका घराची किल्ली म्हणजे काही धोरण नव्हे. ज्यांना स्वतःचे छप्पर नाही त्यांच्यापर्यंत सूर्य पोहोचवणे, हे धोरणाचे काम. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण चूल सुधारीत आलो; आता तिच्या जागेचे पाहावयास हवे.