उभ्या पियानोच्या ॲक्शनची दुरुस्ती

उभ्या पियानोची ॲक्शन म्हणजे पट्टी दाबल्यावर हातोडी तारेवर आदळवणारी व ती लगेच मागे आणणारी यंत्रणा होय. ही यंत्रणा प्रामुख्याने लाकूड, नमदा, लोकरी कापड, कातडे व धातूच्या बारीक पिना यांची बनलेली असते. काही दशकांच्या वापरानंतर हे भाग झिजतात, आक्रसतात किंवा ठिसूळ होतात. असे भाग दुरुस्त करणे, बदलणे व त्यानंतर संपूर्ण यंत्रणेचे समायोजन करणे यांचा या दुरुस्तीत समावेश होतो. तारा सुरात लावणे हे काम यापासून वेगळे आहे.

रचना
आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या असतात. अनेक जुन्या पियानोंत त्या ८५ आढळतात. पट्टी दाबली की तिचे मागचे टोक व्हिपन हा भाग उचलते. व्हिपनवरील जॅक हातोडीच्या बुडाला ढकलतो आणि हातोडी तारेजवळ पोहोचताच बाजूला सरकतो. त्यामुळे शेवटचे अंतर हातोडी स्वतःच्या गतीने कापते. ग्रँड पियानोत हातोडी स्वतःच्या वजनाने खाली येते. उभ्या पियानोत ती आडवी हालत असल्याने परतीसाठी तिला स्प्रिंग व ब्रायडल टेप यांची मदत लागते. म्हणूनच हे दोन भाग निकामी झाल्यास जलद वादन अवघड होते.

झीज होण्याची कारणे
सततच्या आघाताने हातोडीच्या नमद्यावर तारांच्या खाचा पडतात व नाद कर्कश होतो. नमदा लोकरीचा असल्याने त्याला कसर लागते. दमट हवेत सांध्यांतील लोकरी कापड फुगून पिना घट्ट बसतात आणि कोरड्या हवेत लाकूड आक्रसून स्क्रू सैल होतात. मुंबई, गोवा यांसारख्या किनारपट्टीच्या भागांत पावसाळ्यात पट्ट्या अडकण्याची तक्रार याच कारणाने उद्भवते. काही जुन्या ॲक्शनमध्ये पिनांवर हिरवट जंगाल चढून सांधा जखडतो.

तपासणी
पट्टी हळूहळू दाबून हातोडीची हालचाल पाहिली जाते. पट्टी थोडी खाली गेल्यावरच हातोडी हलू लागली, तर मध्ये मोकळी चाल निर्माण झालेली असते. हातोडी आडवी डुलत असल्यास सांधा सैल, तर उशिरा परतत असल्यास तो घट्ट किंवा स्प्रिंग मोडलेली असण्याचा संभव असतो. ॲक्शन बाहेर काढण्यापूर्वी सर्व भागांना अनुक्रमांक दिले जातात, कारण दिसायला सारखे असले तरी ते आपापल्या जागीच नीट बसतात. काही जुन्या ब्रिटिश पियानोंत डॅम्पर हातोड्यांच्या वर असून त्यांच्या तारांची रांग समोर पिंजऱ्यासारखी दिसते. अशी ॲक्शन काढणे व तिच्यावर काम करणे अधिक किचकट असते.

दुरुस्तीच्या पद्धती
सेंटर पिन: सांध्यातील पिन साधारण १.२५ ते १.३५ मिमी व्यासाची असते. सैल सांध्यातील जुनी पिन काढून, छिद्र रीमरने साफ करून किंचित जाड पिन बसवतात. ती लाकडात घट्ट व कापडात मोकळी फिरली पाहिजे. घट्ट सांध्यावर पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा थेंब सोडतात. कापड फुगून पिनेवर दाबले जाते व वाळल्यावर छिद्र किंचित मोठे राहते. घरगुती वापराचे तेल मात्र टाळले जाते, कारण ते कापडात मुरते व धूळ धरून ठेवते.

ब्रायडल टेप: टेप तुटलेल्या असताना ॲक्शन बाहेर काढल्यास व्हिपन खाली लोंबतात व जॅक जागेवरून निसटतात. नव्या टेप एकसारख्या लांबीच्या असाव्या लागतात. त्या आखूड पडल्यास डावे पेडल दाबताच व्हिपन उचलले जातात.

हातोड्या: खाचा उथळ असल्यास पॉलिश पेपरने नमद्याचे पातळ थर काढून मूळ अंडाकृती आकार परत आणतात. वरच्या सप्तकांतील हातोड्यांवर नमदा कमी असल्याने तेथे विशेष काळजी घेतात. लाकूड उघडे पडले असेल तर हातोडी बदलावी लागते.

स्प्रिंग व कातडे: काही ॲक्शनमध्ये हातोडीची स्प्रिंग दोऱ्याच्या फासात अडकवलेली असते. हा दोरा कुजल्यास खाचेत नवा दोरा चिकटवतात. हातोडीच्या बुडावरील झिजलेले कातडेही बदलले जाते. या कामासाठी पारंपरिक सरस उपयुक्त ठरतो, कारण उष्णता व ओलावा देऊन तो पुन्हा सोडवता येतो आणि पुढील दुरुस्तीची वाट खुली राहते.

समायोजन
भाग बदलल्यावर सर्व अंतरे पुन्हा जुळवावी लागतात. प्रथम मोकळी चाल काढली जाते. विश्रांतीच्या स्थितीत हातोडी तारेपासून साधारण ४५ मिमी दूर ठेवतात व जॅक सुटण्याचा क्षण तारेपासून सुमारे ३ मिमी अंतरावर आणतात. पट्टीची खोली साधारण १० मिमी असते. उत्पादकाचे माप उपलब्ध असल्यास तेच प्रमाण मानले जाते.

दुरुस्तीची मर्यादा
ॲक्शनवर खर्च करण्यापूर्वी सुरखुंट्यांची पकड, ध्वनिफलक व लोखंडी चौकट तपासणे आवश्यक असते. खुंट्या सैल किंवा चौकट तडकलेली असल्यास उत्तम ॲक्शनही पियानो वाचवू शकत नाही. ऐतिहासिक वाद्यांत शक्य तितके मूळ भाग राखले जातात, तर रोजच्या वादनातील वाद्यांत संपूर्ण संच बदलणे अनेकदा अधिक टिकाऊ ठरते. एखाददुसरीच हातोडी बदलल्यास तिचा नाद शेजारच्या सुरांपेक्षा वेगळा ऐकू येतो.

हेही पाहा
पियानो
ग्रँड पियानो
हार्मोनियम