मेरुरज्जूची इजा व दीर्घकालीन वेदनांविषयी माहितीचा शोध

मेरुरज्जूला (मज्जारज्जूला) इजा झाल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनांना दीर्घकालीन वेदना म्हणतात. इजाग्रस्तांपैकी सुमारे निम्म्यांना चेताजन्य, म्हणजे खुद्द चेतासंस्थेच्या बिघाडातून उद्भवणाऱ्या वेदना होतात. चाकाची खुर्ची हाताने ढकलणाऱ्यांमध्ये खांदेदुखीही सर्रास आढळते. तिचे कारण व उपचार वेगळे आहेत.

'''वेदनेचे वर्णन'''

स्पर्श न कळणारा पायच रात्रभर जळतो, हे रुग्णाला व घरच्यांनाही अनाकलनीय वाटते. त्यामुळे 'भास होतो' अशी समजूत होऊन तक्रार दडपली जाते. वस्तुतः अशी वेदना खरी असते. निदानासाठी विचारले जाणारे प्रश्न आग, विजेसारखा झटका, मुंग्या, सुया टोचणे, बोचरा गारवा, बधिरपणा व खाज यांविषयी असतात. मराठीत यासाठी आग, चमक, कळ, ठणका असे नेमके शब्द आहेत. केवळ 'दुखते' असे सांगितल्यास हा भेद हरवतो व साध्या वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. चेताजन्य वेदनेवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

'''माहितीचे मार्ग'''

रुग्णालयात शस्त्रक्रिया, मूत्राशय व शय्याव्रण यांकडेच लक्ष असते. वेदनेचा प्रश्न बहुधा घरी परतल्यावर उभा राहतो. निरनिराळ्या देशांतील मुलाखतींच्या अभ्यासांत, घरी सोडताना वेदनेबद्दल पुरेसे सांगितले गेले नाही, ही तक्रार वारंवार आढळते. मग तज्ज्ञ, भौतिकोपचारक, मोबाइलवरील चित्रफिती आणि विशेषतः त्याच अवस्थेतील इतर व्यक्ती हे आधार होतात. अनुभवी व्यक्तीचा सल्ला रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो, मात्र तिची औषधाची मात्रा दुसऱ्याने घेणे धोक्याचे असते. प्रिगॅबालिन, गॅबापेन्टिन यांसारखी औषधे एकाएकी बंद करू नयेत.

घरगुती उपायांत शेक सर्वांत घातक ठरू शकतो. बधिर त्वचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास चटका कळत नाही व खोल भाजते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असल्यास, मूत्राशय तुंबणे किंवा व्रण यांसारख्या न जाणवणाऱ्या कारणांनी रक्तदाब अकस्मात वाढतो. डोके ठणकणे व घाम येणे हे त्याचे इशारे होत. ही आणीबाणी असते.

'''महाराष्ट्रातील स्थिती'''

खडकी (पुणे) येथे १९७४ पासून अर्धांगवायूग्रस्त सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (१९५५) आणि मेरुरज्जू-इजाग्रस्तांसाठी नीना फाउंडेशन (२००१) कार्यरत आहेत. भोर तालुक्यातील शिवरे हे गाव पुणे–सातारा मार्गालगत असल्याने पुणे तुलनेने जवळ आहे. वेल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांतून मात्र चाकाच्या खुर्चीसह प्रत्येक फेरीला वाहन व सोबतीला माणूस लागतो, म्हणून तपासणी लांबते आणि दूरध्वनीवर विचारलेला प्रश्न हाच अनेकदा पहिला सल्ला ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदनेची स्वतंत्र नोंद नाही.